हॅम्बुर्ग : संकटांनी शहाणे केलेले बंदर

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. जर्मनीतले सर्वांत मोठे बंदर हॅम्बुर्ग मात्र समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, एल्ब नदीच्या काठी आहे. भरतीचे पाणी तिथवर पोचते आणि मोठाली जहाजे शहराच्या दारात येऊन उभी राहतात. युरोपीय आयोगाने २०११ साली या शहराला 'युरोपची हरित राजधानी' म्हणून गौरवले. मी राहणारा जवळा बाजारचा. आमच्याकडे जहाज येत नाही. पण मोंढा आहे, हळद आहे, कापूस आहे आणि पाण्याची व कचऱ्याची काळजीही आहे. म्हणून हॅम्बुर्गात एक मोकळा दिवस मिळाला तेव्हा ठरवले, की हे शहर हिरवे झाले कसे, तेवढेच पाहायचे.

सकाळी सांक्ट पाउलीच्या धक्क्यावर गेलो. तिथे नदीच्या खालून जाणारा बोगदा आहे. गोदीतल्या कामगारांना पलीकडे कामावर जाता यावे म्हणून तो १९११ साली खुला झाला. लांबी ४२६ मीटर. लिफ्टने खाली उतरायचे आणि फरशा बसवलेल्या भिंतींमधून चालत पलीकडे निघायचे. पायी किंवा सायकलवर जाणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू नीट राखून रोज वापरात ठेवणे, हेही पर्यावरणाचेच काम आहे.

तिथून गोदामांच्या जुन्या पेठेत गेलो. १८८३ पासून बांधलेली ही लाल विटांची उंच गोदामे लाकडी खांबांच्या पायावर उभी आहेत. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला कालवा. होडीतून आलेला माल कप्पीने थेट वरच्या मजल्यावर ओढून घेत. कॉफी, चहा, कोको, गालिचे आणि मसाले! मसाल्यांचे एक छोटे संग्रहालयही तिथे आहे. आपल्या मोंढ्यात पोत्यांनी दिसणारी हळद तिथे मांडून ठेवलेली पाहिली, की मन सुखावते. युनेस्कोने २०१५ साली या पेठेला जागतिक वारशात स्थान दिले. मात्र ती उभारताना २० हजारांवर माणसांची घरे पाडली गेली, हेही विसरता येत नाही.

दुपारी काल्टेहोफे नावाच्या बेटावर गेलो. पाहायला काय, तर पाणी गाळण्याचे जुने हौद! आता तिथे झाडी वाढली आहे, पक्षी आहेत, एक संग्रहालय आहे. पण हॅम्बुर्गची खरी गोष्ट मला या हौदांपाशी कळली.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये शहरात पटकीची साथ आली. काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे दगावली. शहर श्रीमंत होते. १८४२ च्या मोठ्या आगीनंतर त्याने गटारे बांधली होती, नळही आणले होते. पण नळाला येणारे एल्बचे पाणी गाळलेले नव्हते. गाळण्याच्या हौदांचा खर्च कोणी करायचा, यावर वर्षानुवर्षे वाद चालला होता. साथ आली तेव्हाही, बंदर बंद पडेल आणि व्यापार बुडेल या भीतीने ती जाहीर करायला उशीर झाला.

शेजारीच आल्टोना नावाचे तेव्हा वेगळे असलेले गाव होते. ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला. म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलेच पाणी त्यांच्या वाट्याला येई. पण आल्टोना ते वाळूतून गाळून घेत असे. परिणाम असा, की दोन गावांच्या हद्दीवरच्या रस्त्यावर एका बाजूच्या घरांत माणसे मरत होती आणि समोरच्या बाजूला साथ जवळजवळ नव्हती. पटकीचा जंतू ओळखणारे डॉ. रॉबर्ट कॉख हे तपासणीसाठी तिथे आले. याच कॉख यांनी १८८४ मध्ये आपल्या कोलकात्यात या जंतूचा शोध पक्का केला होता. हॅम्बुर्गच्या गरीब वस्त्या पाहून, आपण युरोपात आहोत हेच विसरायला होते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले.

वाळू असे काय करते? आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बायाबापड्या वाळूत झिरा उकरतात. वरच्या डबक्यापेक्षा झिऱ्याचे पाणी नितळ असते. हौदात हेच काम शिस्तीने होते. पाणी अगदी संथ सोडतात. वाळूच्या वरच्या भागावर सूक्ष्म जीवांचा पातळ थर धरतो आणि तो रोगाचे बहुतेक जंतू अडवतो, खाऊन टाकतो. काही काळाने थर दाट झाला, की तेवढी वाळू खरवडून काढायची. साथीनंतर १८९३ मध्ये काल्टेहोफेचे हौद सुरू झाले आणि १९९० पर्यंत चालले. आज शहराचे पिण्याचे पाणी भूगर्भातून घेतात.

दुसरा धडा पुराचा. १९६२ च्या फेब्रुवारीत वादळी भरतीने बांध फोडले आणि एका रात्रीत शहरातली ३१५ माणसे गेली. त्यानंतर बांध उंच झाले. जुन्या बंदराच्या जागी वसवलेली 'हाफेनसिटी' ही नवी वस्ती तर भराव घालून समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीवर बांधली आहे. नदीला अडवून धरण्यापेक्षा तिला जागा सोडून आपणच वर चढून बसायचे, असा हा विचार.

दिवस मावळताना गेऑर्ग्सवेर्डरची टेकडी चढलो. ही टेकडी निसर्गाची नव्हे, कचऱ्याची! युद्धानंतरचा राडारोडा, घरांतला कचरा, पुढे कारखान्यांची विषारी द्रव्ये, सगळे इथे टाकले गेले. १९७९ मध्ये टाकणे थांबले. पण १९८० च्या दशकात ढिगातून डायॉक्सिन हे विष झिरपत असल्याचे उघड झाले. मग ढीग झाकला, झिरपणारे पाणी वेगळे काढण्याची सोय केली आणि माथ्यावर पवनचक्क्या व सौरपट्ट्या बसवल्या. लोक आता तिथे हवा खायला जातात. आतले विष मात्र आतच आहे, त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणार.

मित्रहो, हॅम्बुर्ग हे काही स्वर्ग नव्हे. जहाजांसाठी नदीचा गाळ अजूनही सतत उपसावा लागतो. २०१५ साली सुरू केलेले कोळशाचे मोठे वीजकेंद्र त्यांना २०२१ मध्ये बंद करावे लागले. पण नियम एकच दिसतो : जो खर्च आधी टाळला, तो नंतर कितीतरी पटीने भरावा लागला, आणि तोही गरिबांच्या जिवाने. गावाची पाण्याची टाकी वेळेवर धुणे, नळाच्या पाण्यात औषध टाकणे, मोंढ्यातला कचरा ओढ्यात न लोटणे, ही कामे लहान आहेत. ग्रामसभेत हा विषय निघाला आणि कुणी म्हणाले, "एवढा खर्च कशाला?", तर त्यांना एका रस्त्याच्या त्या दोन बाजू अवश्य सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)