मोडमधलं पात्र बोलतं कसं?

‘स्कायरिम’ हा गेम 2011 मध्ये आला. पुढच्याच वर्षी तो बनवणाऱ्या बेथेस्डाने क्रिएशन किट हे गेममध्ये भर घालण्याचं साधन खेळाडूंच्या हाती मोफत दिलं आणि हौशी मंडळी गेममध्ये आपली बोलती पात्रं घालू लागली; अशा भरीला ‘मोड’ म्हणतात. निळ्या मांजरतोंड्या ‘इनिगो’ची वाक्यं तर 7000च्या वर आहेत! प्रत्येक वाक्याची ध्वनिफाइल वेगळी, सोबत ओठांच्या हालचालीची नोंद. खेळाडूची उत्तरं नुसती पडद्यावर लिहून येतात, त्यामुळे बोलण्याचा सगळा भार समोरच्या पात्रावर. कस लागतो तो लांबलचक भाषणांत नव्हे, किरकोळ आवाजांत: शंभरदा ऐकू येणारी हाक, घाव बसल्यावरचं ‘आई गं’. म्हणून एकेक हाक चार-पाच तऱ्हांनी रेकॉर्ड करून ठेवावी.

यवतमाळात बसून असं रेकॉर्डिंग करायला स्टुडिओ लागत नाही. साधा यूएसबी माइक, भिंतीला टेकवलेल्या कापसाच्या गाद्या आणि कूलर बंद (मे महिन्यात हीच खरी तपश्चर्या). जिल्ह्यात वऱ्हाडीखेरीज गोरमाटी, कोलामी, गोंडीही बोलतात. मग आपल्या मोडमध्ये चेटकीण आणि लोहार एकाच पुस्तकी सुरात का बोलावेत? आपल्या भाषांतला आवाज गेममध्ये आपोआप येत नाही: पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या गेमलाही हिंदी आवाज 2022च्या सुधारित आवृत्तीतच मिळाला. मूळ गेम 2020चा.