कामकरी मातेचे दूध का आटते?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका स्नेह्याने मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, पगार, बोनस, महागाईभत्ता यांवर तुम्ही बोला. अंगावरच्या दुधाचा विषय बायकांचा. त्यात तुम्ही कशाला पडता?" स्नेह्याचा आक्षेप अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. परंतु कामकरी बाईचे दूध ज्या कारणाने आटते, त्या कारणाचा पुष्कळसा भाग कारखान्याच्या घड्याळात आहे आणि त्या घड्याळाशी भांडण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

आपल्या आजरा तालुक्यात काजूची बी फोडून गर काढण्याचे लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांत राबणारे बहुतेक हात बायकांचे आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणची बाई कचेरीत आली. मूल चार महिन्यांचे. दुपारी घरी जाऊन ती त्याला पाजून येई आणि तेवढी मजुरी कापली जाई. मी तक्रार लिहून घेतली, पुढच्या बैठकीत विषय काढतो म्हणालो. बैठक तीन आठवड्यांनी ठरली. आदल्या दिवशी ती पुन्हा आली आणि म्हणाली, "अण्णा, आता त्या सुट्टीचं काय बोलू नगासा. दूध आटलं माझं. डब्याच्या दुधावर ठेवलंय त्याला." माझ्या मागणीपत्रात सतरा मागण्या होत्या. अठरावी म्हणून ही मी अगदी शेवटी लिहिली होती. त्या रात्री मला प्रथमच प्रश्न पडला की, धडधाकट बाईचे दूध तीन आठवड्यांत आटते कसे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. फक्त ते गोठ्यातले आहे. भगिनींनी दाखल्याचा राग मानू नये. गाभण म्हैस आटवायची असेल तेव्हा आपण काय करतो? एक धार चुकवतो, मग दुसरी चुकवतो. दूध आत साचून राहिले की हळूहळू नवे दूध उतरणे कमी होते आणि थोड्याच दिवसांत म्हैस आटते. बाईच्या बाबतीत निसर्गाचा नियम निराळा नाही. दूध आपोआप आटते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते आटवले जाते. फक्त आटवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

याची रीत अशी आहे. मूल चोखू लागले म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन द्रव्ये रक्तात उतरतात. पहिल्याचे नाव प्रोलॅक्टिन. ते दूध तयार करवते. दुसऱ्याचे नाव ऑक्सिटोसिन. ते दुधाच्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू आवळून तयार झालेले दूध बाहेर ढकलते. आपल्या आज्या यालाच पान्हा म्हणत आल्या. पान्हा मनाशी बांधलेला असतो. मुलाचा आवाज आला, त्याचे अंगडे हाती लागले, तरी तो फुटतो. आणि भीती, दुखणे, लाज किंवा मुकादमाची दारावर लागलेली नजर यांनी तो अडतो. तिसरी गोष्ट स्तनातच घडते. दूध काढले न जाता भरून राहिले, तर नवे दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. रिकामे झाले, तर वेग वाढतो. म्हणून जितके काढावे तितके येते. सकाळी आठला घर सोडलेली बाई संध्याकाळी सहापर्यंत दूध न काढता राहिली, तर ती रोज दहा तास आपल्याच शरीराला सांगत असते की, आता दूध कमी करा.

आता उपाय पाहू. कामावर रुजू होण्यापूर्वी दोन आठवडे हाताने दूध काढण्याचा आणि बाळाला वाटीचमच्याने ते पाजण्याचा सराव घरीच करावा. रुजू झाल्यावर घर सोडताना अगदी शेवटी बाळाला पाजावे. कामावर असताना दर तीन तासांच्या सुमारास, म्हणजे पाळीत दोनदा, जमल्यास तीनदा, दूध काढावे. घरी आल्यावर हातपाय धुऊन पहिले काम पाजण्याचे. येथे घरातल्या सासूबाईंना माझी विनंती आहे की, सून दारात आल्या आल्या तिला चुलीकडे पाठवू नका. भाकरी अर्धा तास थांबेल. रात्रीचे पाजणे बंद करू नये, कारण प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते. सुट्टीच्या दिवशी वाटी बाजूला ठेवून मूल मागेल तेव्हा अंगावरच पाजावे. मधल्या दिवसांत दूध कमी वाटू लागले असेल, तर या एका दिवसाने पुष्कळ फरक पडतो.

दूध काढण्यासाठी हाताचा किंवा विजेचा पंप मिळतो. तो असला तर चांगले. नसला तरी अडत नाही. आपले हात पुरेसे आहेत. मात्र ते स्वच्छ हवेत, आणि काजूच्या कामात तर दुप्पट स्वच्छ हवेत. टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, हे आपल्या बायकांना सांगायला नको. तो हात स्तनाला किंवा मुलाच्या तोंडाला लागता कामा नये. कामाचे वरचे कापड उतरवून ठेवावे, हाताला खोबरेल चोळून पुसावे, मग साबणाने दोनदा धुवावे. नंतर ओल्या कोमट फडक्याने स्तन किंचित शेकून हलके चोळावा. काळसर भागाच्या कडेला वर अंगठा आणि खाली बोटे ठेवून आधी बरगडीकडे दाबावे, मग अंगठा-बोटे एकमेकांकडे आणून दाबावे आणि सोडावे. बोटे कातडीवरून घसरवू नयेत, बोंडी ओढू नये. पहिली धार यायला मिनिट दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात निराश होऊ नये. धार मंदावली की जागा थोडी फिरवावी, मग दुसरी बाजू घ्यावी, पुन्हा पहिली. या सगळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे मला तो लागणार आहे.

काढलेले दूध उकळत्या पाण्यातून काढलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. पंचवीस अंश उष्णतेपर्यंत ते चार तास चांगले राहते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात इतके धरू नये. बर्फ घातलेल्या पेटीत डबा ठेवावा. फ्रीजमध्ये चार दिवस राहते. पाजताना डबा कोमट पाण्यात ठेवून गार घालवावा. दूध उकळू नये. बोंडल्याने पाजायचे असेल तर त्याची चोच आतून नीट घासलेली पाहिजे. पुष्कळ बाया म्हणतात, आमच्याकडे ना फ्रीज ना बर्फ, मग काढून उपयोग काय? उपयोग आहे. ते दूध टाकावे लागले तरी चालेल, पण काढावे. कारण काढल्यानेच उद्याचे दूध टिकते.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाळंतशेपा यांच्याबद्दल मला नेहमी विचारतात. ओल्या बाळंतिणीला रोज दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी-उसळ जादा मिळालीच पाहिजे, तहानेप्रमाणे पाणी मिळाले पाहिजे, आणि लाडू-खिरीने तिच्या अंगाला बळ येत असेल तर ते जरूर द्यावेत. परंतु दूध वाढवण्याचा त्यांचा गुण शास्त्राच्या कसोटीला पक्का उतरलेला नाही. दहा तास दूध न काढणाऱ्या बाईला शेरभर अळीव खाऊ घातले, तरी घड्याळ जिंकणारच.

दूध पुरते की नाही हे डब्यातल्या मापावरून ठरवू नये. मूल हातापेक्षा आणि पंपापेक्षा अधिक चांगले ओढते. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन चढत असेल, तर दूध पुरते आहे. स्तन दगडासारखा झाला, लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला, तर डॉक्टरांकडे जावे. पण पाजणे किंवा काढणे थांबवू नये, थांबवल्याने दुखणे वाढते. सहा महिने केवळ अंगावरचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासह दोन वर्षे वा अधिक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ज्या मातेला ते जमले नाही तिला कोणी बोल लावू नये. माझ्या गोष्टीतले मूल डब्याच्या दुधावर वाढले आणि आज शाळेत जाते. बोल लावायचाच तर तो आम्हां पुढाऱ्यांना लावा.

कारण ही मागणी नवी नाही. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तेथे हिंदी कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. त्या परिषदेच्या प्रसूतिविषयक ठरावात, अंगावर पाजणाऱ्या बाईला कामाच्या वेळात रोज दोनदा अर्धा अर्धा तास मिळावा, असे स्पष्ट लिहिले आहे. त्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत आणि पाळीला जात. तेव्हाच्या डॉक्टरबाईंनी हे नोंदवून ठेवले आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे असे बजावले. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कामकरी असतील तेथे पाळणाघर व दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आली. या तरतुदी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या आहेत.

मग अडते कोठे? मघाचा आकडा आठवा. खाणी आणि सर्कस यांच्यासाठी १९६३ साली केंद्राने जे नियम केले, त्यांत पाजण्याची प्रत्येक सुट्टी पंधरा मिनिटांची धरली आहे. पाळणाघरात जाण्यायेण्याचा वेळ निराळा. पण दूध काढणाऱ्या बाईला त्याचा लाभ नाही. नळापर्यंत जाणे, तेल चोळून हात धुणे, आडोसा शोधणे यांतच पाच-सात मिनिटे जातात आणि दूध काढायला वीस ते तीस लागतात. १९१९ साली जगाने मान्य केलेला अर्धा तास पाव तासावर आला, आणि त्या फरकात पान्हा अडतो. दुसरी अडचण अशी की, आपल्याकडे मजुरी पुष्कळदा सोललेल्या गराच्या वजनावर असते. कागदावर सुट्टी मिळाली तरी तेवढे किलो कमी भरतात. म्हणजे सुट्टीचे पैसे बाईच देते. तिसरी अडचण, पाळणाघराला पन्नास माणसांची अट. आणि आपले पुष्कळ कारखाने वीस-तीस माणसांचे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. सुट्टी अर्ध्या तासाची, दोनदा. त्या वेळेची मजुरी त्या बाईच्या सरासरी वजनाप्रमाणे. आतून कडी लागेल अशी एक खोली. तीत एक बाक, साबण आणि पाणी. आणि चार-पाच लहान कारखान्यांना मिळून एक पाळणाघर. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत आहे. ग्रामपंचायतींनी आणि कारखानदारांनी एकत्र बसून तिचा पाठपुरावा करावा. यात कोणाचे दिवाळे निघेल असे मला वाटत नाही.

आपल्या तालुक्यात डेअरीची वेळ कोणी चुकवत नाही. पाऊस असो, लग्न असो, म्हशीची धार वेळेवर निघते. कारण ती चुकली तर काय होते हे घरादाराला कळते. माणसाच्या लेकरासाठी तेवढेच घड्याळ पाळा, इतकेच माझे मागणे आहे. आमच्यापुरते सांगायचे तर, पुढच्या मागणीपत्रात ही मागणी अठरावी असणार नाही.