परदेशातून आलेली सून : सावित्रीबाई खानोलकर

भंडारा जिल्ह्यात सानगडीच्या आसपास पावसाने नीट जोर धरला की धानाचे पऱ्हे उपटून चिखलाच्या बांधीत रोवणी सुरू होते. उपटलेले रोप पहिले काही दिवस मान टाकते, पिवळे पडते, आणि मग नव्या मातीत मुळे धरून हिरवे होते. ज्या जागी ते दाटीने उगवले त्या जागी त्याला तशी भरघोस ओंबी येत नाही. आपल्याकडे मुलगी सासरी जाते तेव्हा वडीलधारी माणसे हाच दृष्टान्त देतात. परंतु सासर दहा कोसांवर नसून सातासमुद्रांपलीकडे असेल, तेथील भाषा, अन्न, देव आणि चालीरीती सारेच परके असेल, तर हे रुजणे साधते काय? आणि साधले, तर त्या स्त्रीचे स्वतःचे असे काही उरते काय? या दोन प्रश्नांचे उत्तर खानोलकर घराण्याच्या एका सुनेच्या चरित्रात सापडते.

या बाईंचे माहेरचे नाव ईव्ह इव्होन माडाय द मारोस. जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे झाला. वडील हंगेरियन, आई रशियन. वडील जिनीव्हा येथे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते व राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयातही काम करीत. त्यामुळे दूरदूरच्या देशांविषयीचे ग्रंथ या मुलीला बालपणापासून घरच्यासारखे लाभले, आणि हिंदुस्थान प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीच वाचनातून तिच्या ओळखीचा झाला होता.

१९२९ साली इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकणारे विक्रम रामजी खानोलकर हे मराठी तरुण सुटीत फ्रान्समधील शामोनी येथे आले असता दोघांची भेट झाली. मुलीचे वय त्या वेळी अवघे सोळा. एवढ्या लांबच्या देशात मुलगी द्यावयाची म्हणून वडिलांचा विरोध होता, आणि तो कोणाही बापाला समजण्यासारखा आहे. परंतु मुलगी आपल्या निश्चयावरून ढळली नाही. ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौ येथे हा विवाह झाला. ईव्ह होती ती सावित्रीबाई झाली.

त्या काळच्या लष्करी छावणीत गोऱ्या मडमांचे एक निराळेच जग असे. सावित्रीबाईंना मनात आणले असते तर त्या जगाच्या रीतीने राहून, नवऱ्याच्या घराला आपल्या वळणावर नेता आले असते. त्यांनी नेमके उलट केले. अन्न शाकाहारी ठेवले. पोषाख साडीचा केला. मराठी शिकल्या, आणि ती नुसती नोकरचाकरांशी बोलण्यापुरती नव्हे, तर अस्खलित. हिंदी व संस्कृतही आत्मसात केले. पतीची बदली पाटण्यास झाली तेव्हा तेथील विद्यापीठात संस्कृत नाट्य, वेद व उपनिषदे यांचा अभ्यास केला. चित्रकलेचा हात होताच. उदयशंकर यांच्याकडे नृत्याचेही शिक्षण घेतले. दोन मुली झाल्या. सैनिकाचा संसार म्हणजे बदलीबरोबर हलणारा संसार. तो त्यांनी कुरकुर न करता सांभाळला. कोणी परदेशी म्हटलेले त्यांना मुळीच खपत नसे. आपला जन्म युरोपात झाला ही केवळ चूक, असे त्या सांगत.

येथे आजच्या सुशिक्षित वाचकाच्या मनात एक शंका येईल. नाव, धर्म, भाषा, देश हे सारे नवऱ्याच्या घरासाठी टाकणे म्हणजे स्त्रीने स्वतःला पुसून टाकणे नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु पुसले गेलेले मन शिकत नाही. ते फक्त निमूटपणे मानते. सावित्रीबाईंनी सासरची परंपरा मूळ ग्रंथांत जाऊन तपासली व मग आपली म्हटली. त्यांनी पुढे 'सेंट्स ऑफ महाराष्ट्र' हा महाराष्ट्रातील संतांवरील ग्रंथ लिहिला. तो भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. सासरच्या संतांची ओळख परभाषिकांना करून देणे, हे काम घरात जन्मलेल्या किती लेकीसुनांनी केले आहे? आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या स्वित्झर्लंडमधून त्या आल्या तेथे स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क १९७१ साली मिळाला. त्यांनी आपल्या मानलेल्या देशाने तो १९५० च्या राज्यघटनेनेच दिला होता.

या रुजण्याचे सर्वांत मोठे फळ साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर इंग्रजी अमदानीतील शौर्यपदकांच्या जागी नवी पदके हवी होती. ते काम सेनेचे अॅडज्युटंट जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होते. पुराणे जाणणारी आणि हाती कुंचला धरणारी व्यक्ती म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना विचारले, आणि परमवीर चक्राची आकृती त्यांनी काढली.

पदक पाहिले तर साधे आहे. कांशाचे, वाटोळे, सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे, फीत जांभळी. मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्या भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा. मागील बाजूस हिंदी व इंग्रजीत पदकाचे नाव आणि मध्ये कमळे. सोने नाही, रत्न नाही. सारा अर्थ त्या वज्रात आहे. वृत्रासुर कोणत्याही शस्त्राने मरेना, तेव्हा देव दधीचि ऋषींकडे गेले. ऋषींनी देहत्याग केला आणि त्यांच्या अस्थींचे वज्र झाले. म्हणजे हे शस्त्र मुळात दुसऱ्याला मारण्याच्या सामर्थ्यातून नव्हे, तर स्वतःला देऊन टाकण्यातून निघालेले आहे. सर्वोच्च शौर्य कोणते, याचे हे उत्तर आपल्या पुराणात पूर्वीपासून होते. ते पदकावर आणावे हे सुचले ते नशातेलमध्ये जन्मलेल्या सुनेला.

२६ जानेवारी १९५० रोजी हे पदक स्थापन झाले व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आले. पहिले पदक मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे, हात प्लास्टरमध्ये असतानाही, आपली तुकडी घेऊन ते लढले व धारातीर्थी पडले. सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे यजमान सुरिंद्रनाथ शर्मा हे याच सोमनाथांचे धाकटे बंधू. ज्या पदकाची आकृती आईने काढली, ते प्रथम मुलीच्या सासरी गेले.

१९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर वारले. सावित्रीबाईंचे वय त्या वेळी एकोणचाळीस होते. माहेरच्या देशी परतण्याला आता कोणी नावे ठेवली नसती; त्या परतल्या नाहीत. रामकृष्ण संघाच्या सहवासात त्यांनी आध्यात्मिक शांती शोधली. सैनिकांची कुटुंबे आणि फाळणीत घरदार गमावलेले निर्वासित यांच्यासाठी त्या झटल्या. आपली मुळे उपटून आलेल्या बाईला उखडलेल्या माणसांचे दुःख निराळे समजावून सांगावे लागले नसेल. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

परमवीर चक्र आजवर २१ वीरांना देण्यात आले. त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. म्हणजे बहुतेक वेळा हे पदक घेण्यास वीर नव्हे, तर त्याच्या घरचे माणूस पुढे येते : कधी पत्नी, कधी आई, कधी वडील. शौर्य रणांगणावर गाजते, पण त्याची किंमत घर भरते. हे जाणणाऱ्या एका गृहिणीच्या हातून ते पदक घडले, ही गोष्ट ते छातीवर किंवा उशीवर ठेवलेले पाहताना आठवावी.