आठ्या पुसणारे विष

"कपाळावरच्या आठ्या घालवायला म्हणे विषाचे इंजेक्शन देतात. खरे का हो?" एका शिक्षक-शिबिरात एका बाईंनी विचारले. खरे आहे. आणि विषही साधेसुधे नव्हे.

१८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्यविधीला आलेल्या वादकांनी डुकराचे खारवलेले मांस खाल्ले. कित्येकांना एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, घास गिळवेना, तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेन्जेम यांनी त्या मांसातून जो जिवाणू वेगळा केला, तोच आजचा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम.

स्नायू आकुंचन पावण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडावे लागते. ते इवल्या पिशव्यांत भरलेले असते. पिशवी उघडण्यासाठी जी प्रथिने लागतात, त्यांपैकी एक हे विष कापून टाकते. मग स्नायूला हुकूमच पोचत नाही. श्वसनाचे स्नायू असे थांबले तर मृत्यू. भुवयांमधला स्नायू थांबला तर आठी पडत नाही, इतकेच.

तिरळेपणावर अ‍ॅलन स्कॉट यांनी ते प्रथम वापरले. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. पापण्या फडफडण्याच्या विकारावर उपचार करताना कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना आठ्याही जातात असे आढळले. सौंदर्योपचाराची मान्यता २००२ ची. मला मात्र अधिक मोल वाटते ते मेंदूच्या पक्षाघाताने पोटऱ्या ताठरलेल्या मुलांना मिळणाऱ्या आरामाचे.

आता मात्रा पाहा. बोटॉक्सच्या १०० एककांच्या कुपीत सुमारे ५ नॅनोग्रॅम प्रथिन असते. भुवयांमध्ये २० एकके टोचतात. म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक! (फळ्यावर दशांश चिन्हापुढची शून्ये मुलांकडूनच लिहून घ्यावीत.) एका कंपनीचे एकक दुसरीच्या एककाएवढे नसते, हेही टोचणाऱ्याला ठाऊक हवे. २००४ मध्ये फ्लोरिडात चौघांना परवाना नसलेले, प्रयोगशाळेसाठीचे तीव्र विष टोचले गेले. चौघेही गंभीर आजारी होऊन रुग्णालयात पोचले.

योग्य मात्रेतही औषध शेजारच्या स्नायूत झिरपून पापणी काही आठवडे लोंबू शकते. गरोदर स्त्रियांनी आणि स्नायुदौर्बल्याचा विकार असलेल्यांनी ते टाळावे.

"पण चेहरा कायमचा लुळा पडला तर?" बाईंचा पुढचा प्रश्न. तसे होत नाही. तीन-चार महिन्यांत मज्जातंतूचे काम पूर्ववत होते, आणि आठ्याही परततात.