महागडा चढाईपटू परवडतो का?

कबड्डीच्या लिलावाचे आकडे छापून आले की खालापूर, खोपोली, कर्जत, नेरळ या पट्ट्यात दोन दिवस दुसरा विषय नसतो. अमुक पोराला दीड कोटी, तमुकाला सव्वादोन कोटी! ऐकणारा तोंडात बोट घालतो. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, वाघाला वाघाचाच भाव मिळायचा. दुसरा म्हणतो, मालकांना पैसा जड झालाय. आमच्या मते दोघेही वही न उघडता बोलतात.

आमचा धंदा कापडाचा. भारी ताग्यात पैसा घालावा की त्याच पैशात चार मध्यम वाण घ्यावेत, हा प्रश्न आम्हाला दर लगीनसराईला पडतो. संघमालकाचा प्रश्नही हाच आहे. आपला तालुका मुंबई आणि पुण्याच्या मधोमध, त्यामुळे यू मुंबा आणि पुणेरी पलटण या दोन्ही संघांचे चाहते इथे एकाच गल्लीत सापडतात. शिवाय भातकापणी उरकली की गावोगावी मैदाने आखली जातात. म्हणून हा हिशोब इथल्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

गल्ला ठरलेला आहे

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला राकेश कुमार, पाटणा संघाने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतले. २०१८ मध्ये यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी मोजले आणि कोटीची वेस ओलांडली गेली. आज दोन कोटींच्या पुढची बोलीही नवलाची राहिलेली नाही.

पण एक गोष्ट सामान्य प्रेक्षक विसरतो. मालक कितीही श्रीमंत असला तरी संघावर मनाला येईल तेवढा खर्च करता येत नाही. २०१९ ते २०२२ या काळात ही मर्यादा प्रत्येक संघाला ४ कोटी ४० लाख होती, २०२३ पासून ती ५ कोटी झाली. त्यात दीड-दोन डझन खेळाडू उभे करायचे. इथे उधारी नाही, सावकार नाही. एकाच्या पारड्यात टाकलेला प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या पारड्यातून काढलेला असतो. त्यामुळे 'हा पोरगा दीड कोटीचा आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न असा, की त्या दीड कोटीत दुसरे काय आले असते?

एकच माल, दोन भाव

२०१८ चा लिलाव पाहा. हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयत या चढाईपटूसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली. त्याच लिलावात यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई हा नवखा पोरगा ३६ लाख ४० हजारांना उचलला. हंगाम संपला तेव्हा हरियाणा आपल्या गटात तळाला होता आणि सिद्धार्थने चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले होते.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतले. म्हणजे संघाच्या एकूण रकमेचा तिसरा हिस्सा एका खांद्यावर. पोराने दगा दिला नाही. त्याने याही हंगामात दोनशेच्या वर गुण केले. मग टायटन्स कुठे पोहोचले? १२ संघांत अकराव्या स्थानावर! इकडे मुंबईने दुसऱ्या चढाईपटूंवर काम भागवले आणि उपांत्य फेरी गाठली.

आता वही उघडू. मुंबईला सिद्धार्थचा एक गुण सुमारे १७ हजारांना पडला. टायटन्सला जवळपास तेवढाच गुण ६५ हजारांच्या पुढे पडला. माल तोच, पोत तोच, मापही तेच. बदलला तो फक्त खरेदीचा भाव. नफा विक्रीत नाही, खरेदीत असतो, असे जुने व्यापारी म्हणत आले, ते इथे शब्दशः लागू पडते. ३६ लाखांच्या पोराने दीड कोटीचे काम केले तर एक कोटीहून जास्त बरकत झाली. दीड कोटीच्या पोराने दीड कोटीचे काम केले तर हाती काय उरले? बरोबरी. आणि तो जरा कमी पडला, की सरळ तोटा.

जोखमीचा भाव लावला का?

२०२१ च्या लिलावात टायटन्सने जुन्या संघाला मिळणारा शेवटच्या बोलीशी बरोबरी करण्याचा हक्क वापरला आणि सिद्धार्थला १ कोटी ३० लाखांना पुन्हा ठेवून घेतले. या वेळी दुखापत आडवी आली. मोजके सामने खेळून तो बाहेर बसला. संघाने २२ पैकी एकच सामना जिंकला आणि तळ गाठला.

२०२२ मध्ये याहून मोठा दाखला मिळाला. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख ५० हजार मोजले, म्हणजे निम्म्याहून जास्त गल्ला. हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि संपूर्ण हंगाम गेला. लोक म्हणाले, संघ बुडाला. पण बुडाला नाही! नरेंदर कंडोला या अगदी नव्या पोराने चढाईची धुरा उचलली, दोनशेहून अधिक गुण केले आणि थलायवाज पहिल्यांदाच बाद फेरीत गेले. तिथून ते उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचले.

दुखापत होणे हा नशिबाचा भाग आहे, त्याचा दोष खरेदी करणाऱ्याला देणे अन्याय होईल. परंतु दुखापतीची शक्यता हा हिशोबाचा भाग आहे. चढाईपटू दर वेळी सात जणांच्या अंगणात एकटा जातो. त्याच्या घोट्यावर, गुडघ्यावर, खांद्यावर चार-चार जण तुटून पडतात. असा माल घेताना तो हंगामभर टिकेल असे धरून भाव लावणे, म्हणजे गोदामाला आगीचा विमा न काढता गाठी भरून ठेवण्यासारखे आहे. नरेंदर कंडोला हा थलायवाजचा विमा होता, आणि तो स्वस्तात मिळालेला होता.

मग महागडा सौदा कधी फळतो?

महाग माल घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर शालूचे दुकान कुणी थाटलेच नसते. पुणेरी पलटणचे उदाहरण घ्या.

२०२३ मध्ये पुण्याने इराणचा तरुण डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. रकमेचा जवळजवळ निम्मा हिस्सा. त्याच लिलावात टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले होते. दोन्ही दुकानांनी जवळपास सारखाच डाव लावला. निकाल मात्र दोन टोकांचे. टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि पुन्हा तळ गाठला. पुण्याने साखळीत १७ सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. शादलुई हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

फरक कशात होता? पुण्याचे दुकान आधीच भरलेले होते. कर्णधार अस्लम इनामदार, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला आपला मराठी पोरगा, नवोदित खेळाडू म्हणून संघात आला आणि तिथेच वाढला. मोहित गोयतही तसाच. ही मंडळी एकत्र घडली होती, एकमेकांचा इशारा ओळखत होती. २०२२ मध्येच त्यांनी अंतिम सामना गाठून दाखवला होता. कमी होती ती एका भक्कम कोपऱ्याची. ती जागा भरायला पुण्याने मोठी रक्कम मोजली आणि ती फळली. टायटन्सने मात्र आधी कळस विकत घेतला आणि मग पायाला पैसे शोधले. अस्लम त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. विजेत्या संघात सर्वांत मोठे काम घरच्या पोराने केले, सर्वांत मोठ्या किमतीच्या पोराने नव्हे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शादलुईची पुढची कहाणीही बोलकी आहे. २०२४ मध्ये हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. त्यांची फळीही आधीपासून पक्की होती, आदल्या वर्षीचे ते उपविजेते. डिसेंबर २०२४ मध्ये ते विजेते झाले. २०२५ मध्ये गुजरातने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले, आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. एकच माणूस, तीन दुकाने. दोन ठिकाणी सोने, तिसऱ्या ठिकाणी निराशा. तेव्हा किंमत माणसाची नसते, त्याच्या जागेची असते.

अमेरिकेतला असाच एक सौदा

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर धावून जाणारा एक गडी असतो. त्याचे मोल आपल्याकडच्या चढाईपटूसारखेच. तिथे नव्या पोरांचा लिलाव होत नाही. संघ पाळीपाळीने निवड करतात, आणि ज्याला पुढची पाळी हवी तो आपल्या पुढच्या वर्षांच्या पाळ्या बदल्यात देतो. ही एक प्रकारची हुंडीच म्हणा.

२०२३ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने विल अँडरसन या तरुणासाठी तिसरी पाळी मिळवली. बदल्यात १२ वी आणि ३३ वी पाळी दिली, शिवाय २०२४ मधली पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड. ॲरिझोनाकडून त्यांना तिसऱ्या पाळीबरोबर १०५ वी पाळीही मिळाली. सौदा महागच दिसत होता, कारण ह्यूस्टनने आदल्या वर्षी ३ सामने जिंकले होते. जितका संघ कमकुवत तितकी त्याची पुढची पाळी वरची, म्हणून त्यांची हुंडी मोलाची. पण अँडरसन त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, संघाने १० सामने जिंकले आणि दिलेली हुंडी घसरून २७ व्या पाळीची झाली. दुकान चालले तर हुंडी स्वस्तात फिटते, बुडाले तर तीच गळ्याला फास. मात्र इथेही लक्षात घ्या, की ह्यूस्टनने त्याच दिवशी दुसऱ्या पाळीवर सी. जे. स्ट्राउड हा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू घेतला होता. नुसत्या अँडरसनने दुकान चालले नसते.

हे यश पाहून हुरळून जाऊ नये. केड मॅसी आणि पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी तिथल्या अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जराशीच जास्त आढळली. म्हणजे जवळपास नाणेफेक! पारख करणारे हुशार असतात, पण आपल्या पारखीवर त्यांचा भरवसा पारखीपेक्षा मोठा असतो. कापडबाजारातही असे जाणकार काही कमी नाहीत.

तीन प्रश्न

तेव्हा कुणी 'हा सौदा फळला का?' असे विचारले, तर नुसते गुण मोजू नका. तीन प्रश्न विचारा. पहिला, त्याच पैशात दुसरे काय येत होते? दुसरा, तो जखमी झाला तर त्याच्या जागी कोण? तिसरा, दुकानात बाकीचा माल होता का, की हा एकच तागा टांगून दुकान उघडले? तिन्हींची उत्तरे खरेदीच्या दिवशी पटण्यासारखी असतील तर नंतर तोटा झाला तरी सौदा शहाणपणाचाच. आणि उत्तरे नसताना नफा झाला, तर तो जुगाराचा नफा समजावा.

हे सांगण्यात आमचा मतलब आहे. आपल्या भागातली गावोगावची मंडळे स्पर्धेच्या तोंडावर बाहेरचे एक-दोन नावाजलेले गडी मानधन देऊन आणतात. चषक येतो, फोटो निघतात, पण मंडळातली सोळा-सतरा वर्षांची पोरे काठावर बसून राहतात. त्याच पैशात मॅट, बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि एक चांगला प्रशिक्षक वर्षभर मिळू शकतो. अस्लम इनामदार लिलावात घडत नाही, अशाच मैदानावर घडतो.

पालकांनाही दोन शब्द. लिलावाचा आकडा पाहून मुलाचे कॉलेज सोडवू नका. चढाईपटूची उमेद दहा-बारा वर्षांची, आणि भाव दर लिलावाला नवा. सिद्धार्थचाच भाव ३६ लाखांवरून १ कोटी ४५ लाखांवर गेला, तिथून १ कोटी ३० लाखांवर आला, तोही एका दुखापतीच्या आधी. म्हणून मुलाच्या हाती मोठी रक्कम आलीच, तर ती पगार समजून खर्चू नये. ते भांडवल आहे. घर, शिक्षण, एखादा धंदा, यात ते गुंतवावे. एका सीझनच्या विक्रीवर ज्याने हात सैल सोडला, त्याला पुढच्या सीझनला माल भरायला पैसा उरत नाही, हे बाजारात बसणाऱ्या कुणालाही विचारा.