पेट्रोल पंपावर उरकलेला निरोप

ऑगस्ट 2001. मँचेस्टर युनायटेडचा बचावपटू याप स्टाम गाडीने घरी निघाला होता. वाटेत व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांचा फोन आला, ‘कुठे आहेस?’ घराजवळच्या पेट्रोल पंपावर थांबायला सांगून फर्ग्युसन तिथे पोहोचले आणि स्टामच्या गाडीत येऊन बसले. इटलीच्या लाझिओ क्लबची ऑफर आली आहे, आम्ही ती स्वीकारली आहे, एवढंच काय ते बोलणं. स्टामने ही हकिगत पुढे अनेकदा सांगितली.

बरं, हा खेळाडू काही ऐरागैरा नव्हता. इंग्लंडमधल्या तीन हंगामांत त्याने तीन वेळा प्रीमियर लीग जिंकली होती. 1999 साली युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच हंगामात पटकावली, त्या संघाच्या बचावाचा तो कणा होता. युरोपातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून यूएफाने 1999 आणि 2000 असं लागोपाठ दोन वर्षं त्याला गौरवलं होतं. वय 29, म्हणजे मधल्या बचावपटूचा ऐन बहराचा काळ.

स्टामचा जन्म 1972चा, नेदरलँड्समध्ये आयसेल नदीकाठच्या कांपन गावातला. आयाक्ससारख्या नामांकित अकादमीत बालपणापासून घडलेल्या डच खेळाडूंपैकी तो नव्हे. गावच्या हौशी क्लबातून तो विसाव्या वर्षी शेजारच्या झ्वोलेकडून व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला. मग कांबूर, मग विलेम टू, आणि 1996 मध्ये पीएसव्ही आइंडहोवन. एकेक पायरी चढत गेलेला माणूस. पीएसव्हीबरोबर 1997 मध्ये लीग जिंकली, त्याच वर्षी तो डच फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. 1998च्या उन्हाळ्यात युनायटेडने त्याच्यासाठी सुमारे 1 कोटी 6 लाख पौंड मोजले. तोपर्यंत जगात कुठल्याही बचावपटूला एवढी किंमत आली नव्हती.

पहिल्याच मोठ्या सामन्यात मात्र फजिती झाली. वेम्बलीवरच्या चॅरिटी शील्डमध्ये आर्सेनलने युनायटेडला 3-0 असं धुतलं, आणि तिसरा गोल करताना निकोला आनेल्काने स्टामलाच चकवलं. एवढे पैसे पाण्यात गेले की काय, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. डिसेंबरनंतर मात्र तो संघ त्या हंगामात एकही सामना हरला नाही.

बार्सिलोनातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना लोकांना आठवतो तो शेरिंगहॅम आणि सोल्शायरने भरपाई वेळेत केलेल्या दोन गोलांमुळे. त्याआधीची काही मिनिटं पाहावीत. बायर्न म्युनिक 1-0ने पुढे. बरोबरी साधायला अख्खा युनायटेड संघ पुढे सरकलेला. रॉय कीन आणि पॉल स्कोल्स निलंबित असल्यामुळे मधली फळी तशीही विस्कळीत. मागच्या मोकळ्या मैदानाची राखण स्टाम आणि रॉनी यॉनसेन यांच्या गळ्यात. बायर्नच्या मेहमेट शोलचा चेंडू खांबाला लागून परत आला, कार्स्टन यांकरची ओव्हरहेड किक आडव्या दांड्यावर आदळली. नशीब होतंच. पण 2-0 झालं असतं तर शेवटच्या त्या दोन गोलांची गोष्ट कुणी सांगितलीच नसती.

उंची सहा फूट तीन इंच, डोक्याचा गोटा, आणि एवढ्या देहाला न शोभणारा वेग. आघाडीवीराच्या अंगाला अंग लावून त्याला हळूहळू कडेकडे ढकलत न्यायचं, ही त्याची पद्धत. जमिनीवर घसरून केलेल्या टॅकलला टाळ्या पडतात. पण समोरच्याला नेमाने फटकाच मारू न देणं हे अवघड काम, आणि ते आकडेवारीत दिसत नाही. युनायटेडसाठी त्याने गोल केला तो अवघा एक, जानेवारी 1999 मध्ये लेस्टरविरुद्ध 6-2 जिंकताना.

मग त्याला विकलं का? सर्वांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे ‘हेड टू हेड’ हे त्याचं आत्मचरित्र. पीएसव्हीला न विचारता फर्ग्युसननी आपल्याशी परस्पर बोलणी केली, असं त्यात होतं; सहकाऱ्यांवरही शेरे होते. वर्तमानपत्रात त्यातले उतारे छापून आले आणि पंधरवड्यातच स्टाम रोमला गेला. फर्ग्युसन मात्र वेगळं कारण देत आले. घोट्यामागच्या स्नायुबंधाच्या दुखापतीनंतर त्याचा वेग थोडा मंदावल्यासारखा वाटला, आणि 29 वर्षांच्या बचावपटूला 1 कोटी 65 लाख पौंड कोण देतो? सायमन कूपर आणि स्टेफान शिमान्स्की यांच्या ‘सॉकरनॉमिक्स’मध्ये तिसरीच बाजू येते: त्याचे टॅकल कमी झाल्याचं आकडे सांगत होते. टॅकल कमी झाले ते खेळाडू थकला म्हणून, की आधीच योग्य जागी उभा राहू लागला म्हणून, हे आकडा कसं सांगणार?

त्याच्या जागी फर्ग्युसननी 35 वर्षांच्या लोराँ ब्लाँला आणलं. ब्लाँ विश्वविजेत्या फ्रेंच संघातला, डोक्याने खेळणारा; पण पायांत पूर्वीचा वेग नव्हता. आदल्या हंगामात युनायटेडने लीगमध्ये 31 गोल खाल्ले होते, या हंगामात 45. संघ तिसरा आला. 2002च्या उन्हाळ्यात त्यांनी रिओ फर्डिनंडसाठी सुमारे 3 कोटी पौंड मोजले, स्टामला विकून आलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट. स्टामला विकणं ही खेळाच्या दृष्टीने चूकच होती, हे फर्ग्युसननी पुढे स्वतः कबूल केलं.

स्टामसाठीही इटलीत पायघड्या घातलेल्या नव्हत्या. ऑक्टोबर 2001 मधल्या चाचणीत नँड्रोलोन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. त्याने आरोप नाकारला, तरी पाच महिन्यांची बंदी आली. अपिलात ती चारवर उतरली. त्यातच लाझिओचे मालक सेर्जियो क्रान्योत्ती यांच्या चिरिओ या खाद्यकंपनीचं दिवाळं वाजलं आणि क्लबवर खेळाडू विकून दिवस काढायची पाळी आली. नेस्ता गेला, क्रेस्पो गेला. स्टामने 2004चा इटालियन चषक जिंकूनच मिलान गाठलं.

तिथे 25 मे 2005च्या, इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानची बचावफळी होती काफू, स्टाम, नेस्ता, मालदिनी. यापेक्षा तगडी फळी सहसा पाहायला मिळत नाही. मध्यंतराला लिव्हरपूलविरुद्ध 3-0 आघाडी, त्यातले दोन गोल क्रेस्पोचे. उत्तरार्धात सहा मिनिटांत 3-3, आणि अखेर पेनल्टींवर पराभव. पेनल्टीचं दुःख स्टामला नवं नव्हतं. युरो 2000च्या उपांत्य फेरीत, इटलीविरुद्ध ॲमस्टरडॅममध्ये, त्याने स्वतःच चेंडू दांड्यावरून उडवला होता.

2006 मध्ये तो मायदेशी आयाक्सकडे परतला. पहिल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी आयाक्स, पीएसव्ही आणि एझेड यांचे गुण सारखे होते. आयाक्सने विलेम टूला 2-0 हरवलं, पण पीएसव्हीने फिटेसला 5-1 लोळवलं आणि एका गोलच्या फरकाने लीग जिंकली. विलेम टू आणि पीएसव्ही, दोन्ही स्टामचे जुने क्लब. आठवड्याभरात आयाक्सने डच चषक जिंकला, एझेडविरुद्ध, पेनल्टींवर. ऑक्टोबर 2007 मध्ये, हंगाम सुरू असतानाच, 35 वर्षांच्या स्टामने निवृत्ती जाहीर केली.