साडेसत्त्याऐंशी अंशांची गंमत

दोस्तांनो, सावली तालुक्यातला आसोलामेंढा तलाव पाहिलाय का? इंग्रजांच्या काळात, १९१८ साली तो बांधला गेला. त्याचं पाणी कालव्यानं धानाच्या बांध्यांपर्यंत जातं. कालव्याच्या तळाला बेताचा उतार दिलेला असतो, बस्स! बांधी सपाट हवी आणि पाट उतरता हवा, हे धानवाल्या घरातल्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्या न्हाणीघरातून आणि संडासातून निघणारा पाइप म्हणजे असाच एक कालवा, फक्त झाकलेला. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक उतार देतात. म्हणजे ४० सेंटिमीटर पुढे गेलं, की १ सेंटिमीटर खाली. उतार कमी पडला तर पाणी रेंगाळतं, घाण तळाशी बसते आणि एक दिवस पाइप तुंबतो. मग खणा अंगण!

म्हणून आता इंजिनिअर मंडळी घरातले सगळे पाइप आधी कॉम्प्युटरवर जोडून बघतात. रेव्हिट हा त्यासाठीचाच एक प्रोग्रॅम. कागदावरच्या नकाशात पाइप म्हणजे नुसती रेघ, उतार शेजारी आकड्यात लिहिला की झालं. इथं मात्र पाइप खरोखर तिरपा काढावा लागतो. समजा, संडासापासून सेप्टिक टाकी ८ मीटरवर आहे. ८०० भागिले ४०, उत्तर २० सेंटिमीटर. पाइप फरशीखाली ३० सेंटिमीटरवर निघाला, तर टाकीपाशी ५० वर पोचणार. आणि टाकीचं तोंड ठेवलंय ४० वर! पाणी १० सेंटिमीटर वर चढणार कसं? पडद्यावर टाकी खाली सरकवायला क्षणभर पुरतो. टाकी बांधून झाल्यावर, ऐन पावसाळ्यात हे कळलं तर काय होईल, ते आई-बाबांना विचारा.

खरी गंमत पुढेच आहे. वरच्या मजल्याचा तिरपा पाइप भिंतीवरच्या उभ्या पाइपाला जोडायला टी लागते. काटकोनी टी घेतली, की कॉम्प्युटर अडून बसतो. बरोबरच आहे त्याचं! आपला पाइप उभ्या पाइपापासून लांब जाताना किंचित वर चढतो, मग वरचा कोन ९० चा राहील कसा? म्हणूनच सांडपाण्याच्या टी आणि बेंड दुकानात ८७.५ अंशांचेही मिळतात.

पण थांबा. अडीच अंश म्हणजे जवळजवळ तेविसास एक उतार. आपला चाळीसास एक, म्हणजे दीड अंशाच्याही आत. उरलेल्या एका अंशाचं काय? जोडातल्या रबरी रिंगमुळे पाइप जरासा वाकवता येतो, प्लंबरकाका तेवढं हातानं सांभाळून घेतात. कॉम्प्युटरला हात कुठले? जोड किती वाकू द्यायचा, हे त्याला आकड्यात सांगावं लागतं.

कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि घरामागच्या भिंतीवरच्या पाइपाची टी मोजून बघा. नंतर हात मात्र साबणानं धुवा, कोनमापकसुद्धा!